अंधुक सीसीटीव्ही फुटेजमधून गाडीचा नंबर काढता येतो का?

प्रश्न: भांडुपला आमच्या सोसायटीच्या गेटसमोर परवा रात्री एका गाडीने वडिलांच्या स्कूटरला धडक दिली आणि ती न थांबता निघून गेली. गेटच्या कॅमेऱ्यात गाडी दिसते, पण नंबरप्लेट म्हणजे नुसता पांढरा डाग. एक जण १५ हजारांत एआयने नंबर स्पष्ट करून देतो म्हणतोय. द्यावेत का?

उत्तर: आधी वडिलांना लवकर आराम पडो. आणि पैसे देऊ नका, निदान आत्ता तरी नाही.

मी १४ वर्षं सोसायट्यांमध्ये कॅमेरे बसवतोय. माल लॅमिंग्टन रोडचा, हात माझे. महिन्यातून दोन-तीन वेळा तरी फोन येतो, "जरा झूम करून नंबर सांगा ना." मालिकांमध्ये पोलीस अधिकारी मागे उभा राहून हुकूम सोडतो आणि पडद्यावर धुक्यातून नंबर वर येतो. खऱ्या आयुष्यात आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही. तुमच्या आडात किती पाणी आहे, ते आधी मोजू.

सोसायटीच्या गेटवर बहुतेक वेळा २ मेगापिक्सेलचा, २.८ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा असतो, कारण कमिटीला एकाच कॅमेऱ्यात गेट, वॉचमनची केबिन आणि समोरचा रस्ता असं सगळं हवं असतं. ही लेन्स साधारण १०० अंशांचा पसारा दाखवते. म्हणजे १५ मीटर अंतरावर चित्राची रुंदी जवळजवळ ३६ मीटर. त्यात आडवे पिक्सेल १९२०, म्हणजे मीटरमागे ५३. कारची लांबट नंबरप्लेट ५० सेंटिमीटरची, तिच्या वाट्याला आले २६-२७ पिक्सेल. त्यात दहा अक्षरं-आकडे बसवायचे. एकाला जेमतेम अडीच पिक्सेल, तेही मधली जागा धरून. आकड्याची उंची नियमाने ६५ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन पिक्सेल, आणि त्याच्या रेघेची जाडी १० मिलिमीटर, म्हणजे अर्धा पिक्सेल. तीन बाय तीन ठिपक्यांच्या रांगोळीत ६, ८ आणि ९ वेगवेगळे काढून दाखवा, मग बोलू. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यावा म्हणून सीसीटीव्हीच्या २०१४च्या आंतरराष्ट्रीय मानकात मीटरमागे २५० पिक्सेल धरले होते. तुमच्याकडे त्याचा पाचवा हिस्सा आहे.

हे झालं सगळं नीट असेल तर. डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) जाऊन रेकॉर्डिंगचं सेटिंग बघा. तिथे "१०८०एन" लिहिलेलं असेल, तर आडवे पिक्सेल निम्मेच साठवले जातात, १९२० ऐवजी ९६०. हार्ड डिस्क जास्त दिवस पुरावी म्हणून हे सेटिंग ठेवतात. (मीही ठेवलंय. कमिटीला महिन्याचं रेकॉर्डिंग हवं असतं आणि मोठ्या हार्ड डिस्कचे पैसे द्यायचे नसतात.)

आता तो पांढरा डाग. २०१९च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ज्या हाय सिक्युरिटी प्लेटा येतात, त्यांचा पत्रा प्रकाश आला त्या दिशेलाच परत फेकतो. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लेन्सच्या भोवतीच असतात. त्यामुळे रात्री प्लेट आरशासारखी चमकते आणि तिथला प्रत्येक पिक्सेल २५५ या शेवटच्या आकड्याला, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला, जाऊन टेकतो. अंधारात बुडालेली प्लेट थोडीफार वर काढता येते, उजेडाने जळालेली नाही. तिथे आकड्याची रेघ आणि कोरा पत्रा यांत फरकच साठवलेला नसतो.

वेगाचा हिशेबही वाईट आहे. रात्री असा कॅमेरा शटर एक पंचविसांश सेकंद उघडं ठेवतो. ताशी ३० किलोमीटरने आडवी जाणारी गाडी तेवढ्यात ३३ सेंटिमीटर सरकते. आकडे एकमेकांवर सारवले जातात.

मग काहीच करता येत नाही का? येतं, पण ती जादू नाही. गाडी स्पीडब्रेकरवर हळू झाली असेल, वळताना दिव्यांच्या झोतातून बाजूला गेली असेल, तर त्या एक-दोन फ्रेममध्ये काहीतरी सापडू शकतं. मूळ फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा आणि ई हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे जा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही, सगळे व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप बघत बसतात. ती दुसऱ्यांदा दाबून लहान केलेली असते आणि दाबताना आधी बारीक रेघाच जातात. गाडी जवळपास स्थिर असेल, तर १६ फ्रेम एकावर एक ठेवून सरासरी काढली की चित्रातली मुरमुर (अंधारात दिसणारे वळवळते दाणे) चौथ्या हिश्श्यावर येते. एकाच दिशेचा ब्लर असेल, तर तोही काही प्रमाणात गणिताने उलटवता येतो. या सगळ्यात जे नोंदलं गेलंय तेच वर येतं.

एआयवाले ॲप वेगळंच काम करतं. त्याने हजारो नंबरप्लेटा पाहिलेल्या असतात, म्हणून अंधुक डागाच्या जागी ते "इथे साधारण काय असावं" ते रंगवतं. मुलुंडच्या एका सोसायटीची भिंत टेम्पोने पाडली होती. तिथल्या एका मुलाने स्क्रीनशॉट फुकटच्या ॲपमध्ये टाकला आणि कालच रंगवल्यासारखा नंबर बाहेर आला. त्या नंबरचा टेम्पो खरंच होता, तोही पांढराच, कळव्याचा. कमिटीने एजंटाकडून पत्ता काढला (हे मुळात करायलाच नको होतं) आणि चार जण त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या रात्री त्याचा टेम्पो गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडून पडला होता, बिल होतं त्याच्याकडे. मला नंतर बोलावलं. मी तोच फोटो थोडा वेगळा कापून त्याच ॲपला दिला, तर दुसराच नंबर आला.

यात एआयच लागतं असंही नाही. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला दिसलं, की झेरॉक्स कंपनीच्या काही मशीन स्कॅन करताना ६ चा ८ करतायत. फाइल लहान करण्यासाठी मशीन सारखे दिसणारे तुकडे एकाच्या जागी दुसरा वापरत होतं. घराच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळं बदलली होती, आणि आकडे इतके स्वच्छ की कोणाला शंकाच येत नव्हती. २०२४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका न्यायाधीशांनी एआयने सुधारलेला व्हिडिओ खुनाच्या खटल्यात पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला.

त्या १५ हजारवाल्याची परीक्षा घ्यायची असेल, तर सोपी आहे. त्याच वेळी, रात्री, कोणाची तरी कार त्याच जागेवरून त्याच वेगाने न्या, त्याच कॅमेऱ्याचं फुटेज काढा आणि त्याला म्हणा, आधी हा नंबर वाचून दाखव. माझा अंदाज, तो परत फोन करणार नाही. या चाचणीचा आणखी एक फायदा असतो. माहीत असलेले आकडे त्या कॅमेऱ्यात कसे दिसतात हे कळलं, की "शेवटचा आकडा १ किंवा ७ असू शकतो, ८ नक्की नाही" एवढं तरी म्हणता येतं. पोलिसांना ते पुरतं. गाडीचं मॉडेल, रंग आणि दोन-तीन आकडे हाताशी असले की आरटीओच्या नोंदींतून यादी बरीच छोटी होते.

म्हणून डोकं प्लेटवरून काढून गाडीवर लावा. मागच्या दिव्यांचा आकार, कॅरिअर, चेपलेला दरवाजा, काचेवरचं स्टिकर, चाकाची डिझाइन. मॉडेल बहुतेक वेळा मागच्या दिव्यांवरूनच कळतं. रंगाबाबत मात्र सावध राहा. इन्फ्रारेडमध्ये चित्र काळं-पांढरं असतं, त्यात काळे कपडेसुद्धा राखाडी दिसतात आणि पिवळी प्लेट नि पांढरी प्लेट सारखीच दिसते. म्हणजे गाडी टॅक्सी होती की खाजगी, हे त्या फुटेजवरून ठामपणे सांगू नका.

आणि गाडी तुमच्या गल्लीतून बाहेर पडून कुठे गेली असेल? तुमची गल्ली एलबीएस रोडला लागत असेल, तर एक तर मुलुंडकडे, नाहीतर कांजूर-घाटकोपरकडे. दोन्ही बाजूंची दुकानं, पेट्रोल पंप, एटीएम, सिग्नल बघा. त्यातला एखादा कॅमेरा खाली बसवलेला, जवळून बघणारा असतो आणि तिथे नंबर सरळ वाचता येतो. मुलुंडचा टेम्पो असाच सापडला, एका मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात. सिग्नलचं फुटेज तुम्हाला मिळणार नाही, ते तपास अधिकारी मागवतील. दुकानदारांना मात्र तुम्ही आजच जाऊन फुटेज जपून ठेवायची विनंती करा. आठ कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क असेल, तर दर कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरून सहा दिवसांत जुनं पुसलं जातं. तुमचे दोन दिवस गेलेत.

जाताना प्रत्येक डीव्हीआरवरची वेळ आणि तुमच्या मोबाइलवरची वेळ यांचा एकत्र फोटो घ्या. सात मिनिटं पुढे असलेली घड्याळं मी पाहिलीत, आणि त्यापायी चुकीच्या गाडीमागे लागलेली माणसंही.

तुमच्या डीव्हीआरचा बॅकअप मूळ फॉरमॅटमध्येच पेनड्राइव्हवर काढा, स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावी लागते. फाइल कापली, उजळली, पुन्हा सेव्ह केली की ती व्हॅल्यू बदलते. सुधारणा करायची ती प्रतीवर, मूळ फाइलला हात नाही. पोलिसांना गरज वाटली तर ते कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबकडे पाठवतील, आणि तिथेही त्यांना तीच मूळ फाइल लागेल.

डीव्हीआरच्या सेटिंगच्या पानाचा फोटो आणि गाडी सगळ्यात हळू असतानाच्या दोन-तीन फ्रेम इथे टाका (नंबरचा भाग झाकून, बाकी गाडी दिसू द्या). मॉडेल कुठलं आहे ते मी बघतो.