‘मोंते’ म्हणजे डोंगर? नेहमी नाही!

प्रश्न आहे : स्पॅनिशमध्ये जंगलाला बोस्के, सेल्वा, अर्बोलेदा, मोंते असे बरेच शब्द दिसतात, कुठला कधी वापरायचा?

बोस्के हा रोजचा शब्द. सेल्वा म्हणजे ॲमेझॉनसारखं ओलं, घनदाट जंगल. अर्बोलेदा म्हणजे राई. एकाच जातीची झाडं असली की झाडाच्या नावावरूनच शब्द होतो : पिनो या पाइनचं पिनार, एन्सिना या सदाहरित ओकचं एन्सिनार. आपल्या आमराईसारखंच. एवढं कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल.

घोळ होतो तो मोंतेचा. माद्रिदला लागून असलेल्या ‘मोंते दे एल पार्दो’चं ‘एल पार्दो पर्वत’ असं भाषांतर मी इतक्यांदा वाचलंय की आता डोकं उठतं. कुठला पर्वत? सुमारे १६ हजार हेक्टरांवर पसरलेलं, राजांनी शिकारीसाठी राखलेलं एन्सिनाचं रान आहे ते! स्पेनमध्ये वन-अभियंत्याला ‘इंहेनिएरो दे मोंतेस’ म्हणतात. २००३ च्या वनकायद्याचं नावही ‘लेइ दे मोंतेस’, आणि त्यात ओसाड, खडकाळ, रेताड जमीनसुद्धा मोंतेतच धरली आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ डोंगर, हे कबूल. मग डोंगराचं रान कसं झालं? ‘डोंगरावर झाडी असते म्हणून’ हे नेहमीचं उत्तर मला साफ नामंजूर आहे. डोंगरावर दगडही असतात, मग अर्थ दगडाकडे का नाही सरकला? माझ्या मते कारण डोंगरावर नाही, पायथ्याशी आहे. सपाटीवरची झाडी नांगराखाली गेली; उरली ती जिथे नांगर चढत नाही तिथे. सरपण, चराई, शिकार, सगळ्यासाठी माणूस वरच जाणार. ‘डोंगरात जातो’ म्हणजेच ‘रानात जातो’ असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की शब्द आपोआप सरकतो. अटलांटिक ओलांडेपर्यंत तर त्याला डोंगराची गरजही उरली नव्हती. अर्जेंटिनातला चाको प्रदेश परातीसारखा सपाट, तरी तिथल्या काटेरी झाडीला मोंतेच म्हणतात.

आणि हे एकट्या स्पॅनिशमध्ये घडलेलं नाही. रशियनमध्ये ‘गोरा’ म्हणजे डोंगर. बल्गेरियनमध्ये तोच ‘गोरा’ म्हणजे जंगल. हा गोरा कोण? संस्कृत ‘गिरि’चा भाऊबंद! आपल्या सह्यगिरीतल्या गिरीचं नातलग तिकडे बाल्कनमध्ये जंगल होऊन बसलंय. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

मराठीनं उलटी वाट धरली. अरण्याचं रान झालं आणि रानाचं शेत. ‘रान नांगरून झालं’ असं शेतकरी सहज म्हणतो. तिकडे नांगर पोचला नाही म्हणून डोंगराचं रान झालं, इकडे पोचला म्हणून रानाचं शेत.

तेव्हा मोंतेला मराठीत आधी ‘रान’ लावून पाहा. वाक्य अडलं तरच डोंगराकडे वळा. ‘ला काब्रा सिएम्प्रे तिरा अल मोंते’ ही तिकडची म्हण घ्या : शेळीची ओढ कायम मोंतेकडे. शेळी पाल्यासाठी जाते, शिखरासाठी नाही.