पायथनमधला कोड आजच्या संगणकावर चालायला किती वेळ लागतो?

तुमचा प्रश्न असा, की संगणक इतके वेगवान झालेत तरी पायथनसारख्या इंटरप्रिटेड (म्हणजे इंटरप्रिटर नावाचा प्रोग्राम चालवतो अशा) भाषेतला कोड चालायला नक्की किती वेळ लागतो, आणि वेगासाठी सी ही भाषा शिकावी का.

आधी आकडा सांगतो. बेरीज करणाऱ्या साध्या लूपची (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडची) एक फेरी पायथनमध्ये साधारण ३० ते ५० नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) घेते. म्हणजे एक कोटी फेऱ्या अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर. सीमध्ये हेच काम काही मिलिसेकंदांत उरकतं.

एवढा फरक का? इंटरप्रिटर दर फेरीला तीच ओळ नव्याने वाचतो असं बरेच जण समजतात. तसं नाही. पायथन कोडचं एकदाच बाइटकोडमध्ये, म्हणजे इंटरप्रिटरला समजणाऱ्या छोट्या सूचनांमध्ये, रूपांतर करून ठेवतो. खरा वेळ जातो तो पुढच्या सोपस्कारांत: पुढची सूचना उचलायची, दोन्ही बाजूंना आकडे आहेत की मजकूर ते तपासायचं, उत्तरासाठी बहुतेक वेळा मेमरीत नवी वस्तू तयार करायची, जुनी वस्तू किती ठिकाणी वापरात आहे ती मोजदाद कमी करायची. ३ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके देणाऱ्या, प्रोसेसरला बेरीज एका ठोक्याची. हे सगळं धरून शंभरेक ठोके होतात. २०२२ साली आलेल्या पायथनच्या ३.११ आवृत्तीने यातला बराच भार हलका केला, सरासरी २५ टक्के वेग वाढला.

पण मला मनापासून सांगायचंय ते वेगळंच. गोव्यातल्या डिचोलीत एका काजू खरेदीदारासाठी मी हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. हंगामाच्या शेवटी चाळीस हजार पावत्या दुसऱ्या यादीशी ताडून बघायच्या होत्या. अर्धा मिनिट लागायचा, आणि मी दोष पायथनला देत होतो. प्रत्यक्षात मी दर पावतीसाठी अख्खी लिस्ट पालथी घालत होतो, म्हणजे कोट्यवधी तुलना. लिस्टच्या जागी सेट (सगळं न चाळता वस्तू थेट शोधता येते असा संग्रह) घातला, एकच ओळ बदलली, आणि काम डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायला लागलं. चुकीची पद्धत सीमध्ये लिहिली असती तरी तुलना तेवढ्याच राहिल्या असत्या.

म्हणून आधी पायथनसोबतच येणाऱ्या, वेळ मोजणाऱ्या टाइमइट (timeit) मॉड्यूलने मोजा. कोड फंक्शनच्या आत ठेवून मोजा. फंक्शनच्या बाहेरची नावं, म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल, शोधायला जास्त वेळ लागतो. आकड्यांचे मोठे तक्ते असतील तर नमपाय (NumPy) ही पायथनची लायब्ररी वापरा, त्याचा गाभा सीमध्येच आहे. इतकं करूनही अडलं, तर सी जरूर शिका.