'निर्बंध'मधला 'निर्' आणि कौत्साचा हट्ट

वादस्पर्धेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. विषय आहे 'हुकूमशाही सरकारवर निर्बंध घालावेत की त्याच्याशी संवाद साधावा?' शंका अशी की निर्दोष म्हणजे दोष नसलेला, निर्धन म्हणजे धन नसलेला, तर निर्बंध म्हणजे बंधन नसणे असा अर्थ का होत नाही? वाहिन्यांवर ऐकू येतो तो 'प्रतिबंध' अधिक बरोबर का?

'प्रतिबंध'चा निकाल आधी लावतो, कारण तो ऐकून कान किटले आहेत. 'अमेरिकेने इराणवर प्रतिबंध लावले' ही हिंदी बातमी आहे, लिपीमुळे मराठी वाटते एवढेच. मराठीत प्रतिबंध व्हायच्या आधी करतात: प्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. मराठीत निर्बंध घालतात किंवा लादतात, शिथिल करतात, उठवतात. 'लावतात' ती कुलपे.

आता 'निर्'. निर्दोष, निर्धन, निर्भय यांत 'निर्' नामाला चिकटला आहे आणि तिथे तो अभाव दाखवतो. पण तोच उपसर्ग धातूला लागला की 'बाहेर', 'पुरते', 'ठामपणे' अशा छटा आणतो. निर्णय, निर्देश, निर्माण, निर्धार, निर्वाह. निर्वाह म्हणजे वाहणे बंद पडणे असे कोणी म्हणत नाही, मग एकट्या निर्बंधाच्याच मागे का लागायचे? तो 'बन्ध्' धातूला 'निर्' लागून झाला आहे. 'निर्बंध हा शब्दच अशुद्ध, बंधने म्हणा' असा फतवा काढणारे शुद्धलेखनवाले मला भेटतात. त्यांनी संस्कृत कोश उघडायची तसदी घ्यावी.

तो उघडला तर खरी मौज दिसेल. संस्कृतात 'निर्बन्ध'चा ठळक अर्थ बंदी हा नाहीच. तो आहे हट्ट, आग्रह, पिच्छा पुरवणे! 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात कौत्स रघुराजाकडे येतो. त्याचे गुरू वरतंतू दक्षिणा नको म्हणत होते, तुझी सेवा पुरे म्हणत होते. कौत्साने मात्र 'काहीतरी मागाच' म्हणून धोशा लावला. शेवटी गुरू भडकले आणि चौदा विद्यांचे चौदा कोटी आण म्हणाले. हे सांगताना कालिदासाने समास घडवला आहे 'निर्बन्धसञ्जातरुषा': निर्बंधामुळे ज्यांना राग आला त्या गुरूंनी. हट्ट आणि त्यातून उसळलेला राग, दोन्ही एका समासात.

माझे मत असे, आणि ते कोशकारांना मान्य असण्याची गरज नाही, की राजकारणातल्या निर्बंधातही हा हट्ट जिवंत आहे. सावरकरांनी भाषाशुद्धीत 'कायदा' या अर्थी 'निर्बंध' वापरला. त्यांचे 'दिनांक' आणि 'महापौर' रुळले, हा रुळला नाही. बरेच झाले. कायदा सर्वांसाठी असतो आणि सहसा मागत काही नाही. निर्बंध कोणा एकाकडे पाहून काहीतरी मागतो, आणि मागणीच नसेल तर ती नुसती शिक्षा.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घ्या. तिथल्या गोऱ्यांना मताधिकार होता, काळ्या बहुसंख्यांसाठी मात्र ती हुकूमशाहीच होती. भारताने 1946 मध्येच तिच्याशी व्यापार तोडला आणि 1974 ची डेव्हिस कपची अंतिम लढत न खेळता सोडून दिली. याला मी निर्बंधापेक्षा बहिष्कार म्हणेन: आम्ही तुमच्या पंगतीला बसणार नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचे धोरण उलटे होते, गोडीगुलाबीने बोलत राहायचे. अमेरिकी काँग्रेसने 1986 मध्ये त्यांचा नकाराधिकार झुगारून निर्बंधांचा कायदा केला आणि निर्बंध उठवण्याच्या अटी त्यातच लिहिल्या: मंडेला आणि इतर राजकीय कैद्यांना सोडा, आणीबाणी उठवा, पक्षांवरची बंदी काढा, वस्त्या आणि माणसे वर्णावरून वाटणारे कायदे रद्द करा, आणि काळ्या बहुसंख्यांच्या खऱ्या प्रतिनिधींशी प्रामाणिकपणे बोलणी करा. हाच कौत्साचा हट्ट! बोला, असे ठणकावणारा निर्बंध. मग 'निर्बंध की संवाद' या मथळ्यातला 'की' कुठून आला, हे स्पर्धेच्या आयोजकांना विचारा.

कालिदासाचा 'रुषा', म्हणजे रागही, तिथे हजर होता. ऑगस्ट 1985 मध्ये दरबानच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष बोथा यांनी बाहेरच्या दडपणापुढे झुकणार नाही असे बजावले. तेव्हा परदेशी बँका कर्जे परत मागू लागल्या होत्या, तिथले चलन रँड गडगडले आणि त्या सरकारला कर्जफेड थांबवावी लागली. निर्बंधांनी राज्यकर्ते फक्त चिडतात असे म्हणणारे बोथांपाशीच थांबतात. पुढे बोथांच्या जागी डी क्लर्क राष्ट्राध्यक्ष झाले, 11 फेब्रुवारी 1990 ला मंडेला सुटले, जुलै 1991 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी 1986 च्या त्या कायद्याखालचे निर्बंध उठवले, नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ ईडन गार्डन्सवर उतरला आणि डिसेंबरात जोहान्सबर्गजवळ बोलण्यांसाठी बहुपक्षीय परिषद भरली. हे सगळे एकट्या निर्बंधांनी केले असे मी म्हणत नाही. आतला लढा नसता तर बाहेरच्या हट्टाला विचारतो कोण? पण हट्टाचा वाटा नव्हताच, हे म्हणणेही मला पटत नाही.

भाषणात 'संवाद साधणे' मात्र शक्यतो टाळा. संवाद हल्ली नेत्यांच्या दौऱ्यांत होतात, संवाद यात्राही निघतात. हुकूमशहाशी करतात त्या वाटाघाटी, किंवा साधी बोलणी. बोलणी लग्नाची असोत की सत्तेची, त्यांत कोण काय देणार हे ठरवावे लागते. आणि 'वाटाघाटी करणे' लिहा, 'वाटाघाट्या' नको.