सगळ्या नव्या गाड्या एकसारख्या का दिसतात? आणि पंधरा लाखांत दहा वर्षांनीही देखणी वाटेल अशी कोणती?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलंय, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

माझ्या मामाचं भोसरीत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. शाळेच्या सुट्ट्या मी तिथेच काढल्या. ठोकलेला दरवाजा हातोडी-डॉलीने सरळ करायचा, पुट्टी भरून घासायची, प्रायमर मारायचा. मग मामा त्यावर पाणी ओतायचा आणि हातात ट्यूबलाइट धरून ती पत्र्यासमोरून हळूहळू सरकवायचा. ओल्या पत्र्यात उजेडाची रेघ दिसायची. ती जिथे थरथरेल तिथे खडूची खूण आणि पोराला हाक, "परत घास." पुढे कळलं की मोठ्या कंपन्यांचे डिझायनरही हेच करतात. कंप्युटरवरच्या मॉडेलवर काळे-पांढरे पट्टे सोडायचे आणि ते पत्र्यावरून कसे वाहतात ते बघायचं. मामाने आयुष्यात कंप्युटरला हात लावला नाही, पण परीक्षा तीच. त्याच्यामुळे मला गाडी बाजूने बघायची सवय लागली. दहा पावलं मागे जायचं आणि एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत उजेड कसा जातो ते बघायचं.

तसं बघितलं की एकसारखेपणाचं पहिलं कारण लगेच सापडतं: चार मीटर. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत हवी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. जीएसटी आला तरी ही रेष पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४०, म्हणजे ती आणखीच ठळक झाली. आता नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, कायलॅक यांची लांबी काढून बघा. प्रत्येकीची ३९९५ मिलिमीटर. चार माणसं आणि त्यांचं सामान एवढ्यात बसवायचं तर लांबीतून गेलेली जागा उंचीतून काढावी लागते. बोनेट आखूड होतं, मागची बाजू उभी कापली जाते, छत वर जातं. आपल्या गाड्यांचा सगळ्यात मोठा डिझायनर कोण असं कुणी विचारलं, तर मी दिल्लीतल्या अर्थ मंत्रालयाचं नाव घेईन, आणि हे अगदी मनापासून.

डिझायरचं उदाहरण बघा. २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर होती. २०१२ ला नवी आली ती ३९९५. हे १६५ मिलिमीटर गेले डिकीतून. पाठ सुंदर खाली येतेय असं वाटेपर्यंत मधेच सुरी फिरवल्यासारखी ती गाडी संपायची. नोव्हेंबर २०२४ ला आलेली डिझायर मला त्यामुळेच कौतुकाची वाटते. लांबी तेवढीच, पण मागची काच आणि डिकीचं झाकण यांचं नातं या वेळी नीट जमवलंय. अवघड गणित होतं, आणि ते सोडवणाऱ्याला दाद द्यायलाच हवी.

दुसरं कारण समोरच्या बाजूला आहे. गाडी माणसाला धडकली तर त्याचं डोकं बोनेटवर आपटतं. पत्रा आणि खालचं इंजिन यांच्यात मोकळी जागा असेल तर पत्रा दबतो आणि डोकं वाचतं. पादचारी सुरक्षेचा हा नियम आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ पासून नव्या मॉडेलांना लागू झाला. बोनेट उंच आणि बोथट होण्यामागचं हे एक मोठं कारण. याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, अशा कारणासाठी नाक जाड झालं तर होऊ दे. पण बोनेट उंच झालं की समोर पत्र्याची भिंत उभी राहते, आणि ती भरायला दिव्यांचे खेळ सुरू होतात. वर बारीक डीआरएल (दिवसाही चालू राहणारे दिवे), खाली बंपरमध्ये खरा हेडलॅम्प, आणि हल्ली या कडेपासून त्या कडेपर्यंत उजेडाची सलग पट्टी. २०१९ ला हॅरियर आणि व्हेन्यू आल्या तेव्हा हा दोन मजली चेहरा नवा वाटला होता. आता रात्री मागून येणारी गाडी कोणत्या कंपनीची हे आरशात बघून मला सांगता येत नाही, आणि कधीकाळी मी ते नुसत्या दिव्यांवरून सांगायचो.

खाली बसवलेल्या हेडलॅम्पची आणखी एक बाजू गॅरेजवाल्यांना चांगली माहीत आहे. आमच्या घरच्या गाडीला (नाव लिहीत नाही) पार्किंगमध्ये हलकासा धक्का लागला. पूर्वी असल्या धक्क्यात बंपरला ओरखडा आला असता. या वेळी हेडलॅम्पचं अख्खं युनिट गेलं. पावसाळ्यात चिखलही आधी तिथेच बसतो.

आता मुद्द्यावर येतो. चेहरा लवकर म्हातारा होतो, कूस टिकते. पुरावा म्हणून नेक्सॉन बघा. २०१७ ला ती आली तेव्हा टाटाच्या डिझाइनचे प्रमुख प्रताप बोस होते. २०२० ला तिचा चेहरा बदलला, २०२३ ला पुन्हा बदलला. सहा वर्षांत तीन चेहरे. पण दारं तीच, खिडक्यांची मागे चढत जाणारी रेषा तीच, पाठीकडे झुकणारं छत तेच. आज पहिली नेक्सॉन समोर आली तर ती जुनी वाटते. तीच बाजूने गेली तर लक्षातही येत नाही. तुम्हाला दहा वर्षांचा हिशेब करायचाय ना? मग पैसे या बाजूला घाला.

आम्हा पुणेकरांना हे शिकायला रोजची शाळा आहे. चाकण-तळेगावच्या रस्त्यावर चाचणीच्या गाड्या फिरतात, अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीची फिल्म लावून. दिवे झाकलेले, ग्रिल झाकलेली, पत्र्यावरच्या घड्याही त्या नक्षीत हरवून जातात. तरी चहाच्या टपरीवरची मुलं अचूक नाव सांगतात. कशावरून? छत कुठून खाली येतं, चाकं किती मोठी आहेत आणि पुढचं चाक दारापासून किती लांब आहे यावरून. फिल्म लावून प्रमाण लपवता येत नाही.

आता टाटाच्या सिएराबद्दल लिहितो, कारण गेल्या काही वर्षांत एवढी धडधड मला दुसऱ्या कोणत्या गाडीने दिली नाही.

जुनी सिएरा १९९१ ची, आमच्या पुण्यातली. मुळात टेल्कोलाइन पिकअपच्या सांगाड्यावर उभी केलेली तीन दारांची गाडी. गाडी म्हणून तिच्यात खोट काढायला खूप जागा होती. मागे बसायला पुढची सीट वाकवून शिरावं लागायचं, डिझेल इंजिन दमदार नव्हतं. पण मागच्या प्रवाशाशेजारी एक प्रचंड काच होती, न उघडणारी, वर जाता जाता छतात वळणारी. मामाकडे एक सिएरा रंगाला आली होती. मी मागे बसून वर बघितलं आणि बसल्या जागेवरून मला गॅरेजसमोरच्या पिंपळाचा शेंडा दिसला. एरवी त्या काळच्या गाड्यांत मागे बसलं की समोरच्या सीटची पाठ बघत जायचं. ती काच रेखाटणाऱ्याने मागे बसलेल्या माणसाचा विचार केला होता, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. त्या सिएराची ग्रिल कशी होती ते मला आज आठवून सांगता येणार नाही. ती काच मात्र डोळे मिटून काढून दाखवेन.

नव्या सिएराची झलक २०२० च्या ऑटो एक्स्पोत दिसली आणि गाडी आली २५ नोव्हेंबर २०२५ ला, ११.४९ लाखांपासून. आता पाच दारं आहेत, म्हणजे ती सलग काच शक्यच नव्हती. मधे दार आलं की खांब आला, काच उतरवायची तर ती सपाटीच्या जवळ हवी, शिवाय गाडी उलटली तर छताने भार झेलायचाय. म्हणून मागच्या खिडक्यांभोवती आणि वर काळा चकचकीत भाग देऊन त्यांनी तो जुना आकार सुचवलाय. काहींना ही फसवणूक वाटली. मला नाही वाटत. चौकोनी धड, सरळ छत, उभी पाठ, आणि मागे तो एक आकार. शंभर पावलांवरून ओळखू येते. पत्र्यावर उगाच घड्या नाहीत. दारावरून उजेड सरळ वाहत जातो, मामाला आवडला असता तसा. वरच्या व्हेरिएंटची १९ इंची चाकं त्या उंच अंगाला पेलतात. नावडलं ते एकच, डॅशबोर्डवरच्या पडद्यांची रांग. अंग एवढं शांत, आणि आत शिरल्यावर लक्ष वेधायला एवढं सगळं कशाला?

महिंद्राची बीई ६ याच्या अगदी उलट टोकाला आहे, आणि तरीही मला तिच्याबद्दल आदर आहे. प्रताप बोस २०२१ ला महिंद्रात गेले. या गाडीची संकल्पना २०२२ ला इंग्लंडमधल्या बॅनबरीच्या महिंद्राच्या स्टुडिओत जगाला दाखवली गेली, आणि गाडी बनते चाकणला. संकल्पना आणि विक्रीची गाडी यांच्यात एरवी जे काही गळून पडतं, ते इथे फार कमी गळलं. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे अंग आपोआप जाड होतं. ते लपवायला खालची पट्टी काळी करतात आणि चाकं मोठी घेतात. बीई ६ ची १९-२० इंची चाकं गाडीच्या जवळपास निम्म्या उंचीला पोचतात, म्हणून ती बाजूने बसकी आणि ताणलेली दिसते. पण तिच्या पत्र्यावर इतक्या घड्या आहेत की डोळा कुठेच थांबत नाही. आज ती थरार देते. दहा वर्षांनी काय, याबद्दल मला शंका आहे. शिवाय तिचं मोल तुमच्या पंधरा लाखांच्या बाहेर सुरू होतं.

टाटाच्या कर्व्हबद्दल थोडक्यात: मागचा उतार धीट आहे, पण त्या उताराला आणखी लांब गाडी हवी होती.

आणखी एक छोटी गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. २०१८ च्या स्विफ्टमध्ये मागच्या दाराचं हँडल खिडकीच्या मागे, वरच्या काळ्या खांबात लपवलं होतं. बाजूने बघताना दोन दारांची गाडी वाटावी म्हणून. पण लहान मुलाचा हात तिथे पोचत नाही आणि नव्या माणसाला ते सापडत नाही. २०२४ च्या स्विफ्टमध्ये हँडल पुन्हा दारावर आलं. चूक दुरुस्त करायला धाडस लागतं, ते त्यांनी दाखवलं. आतल्या बटणांचंही असंच व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना पडद्याबाहेरचं, हाताला लागणारं बटण असेल तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलंय. घाटात धुकं उतरलेलं असताना एसीचा झोत काचेवर वळवायला ज्याने पडद्यावर चित्रं शोधली असतील, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तर पंधरा लाखांत तुमच्यासाठी दोन नावं. जागा आणि पाठीमागचा आवाका हवा असेल तर सिएराचे मधले व्हेरिएंट. शहरातच जास्त फिरणं असेल तर चाकणचीच स्कोडा कायलॅक. चार मीटरच्या साच्यात राहून चाकं पार कोपऱ्यात नेलेली, पुढे-मागे लोंबणारं अंग कमी, पत्रा साधा आणि ताठ. सिएरा आली नसती तर मी कायलॅकलाच पहिला नंबर दिला असता.

शोरूममध्ये मात्र निर्णय घेऊ नका. तिथले छतावरचे दिवे कोणत्याही गाडीला देखणी करतात. टेस्ट ड्राइव्हची गाडी संध्याकाळी पाच-साडेपाचला मागा, उन्हाकडे कूस करून उभी करा आणि रस्ता ओलांडून पलीकडे जा. मग पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत उजेडाच्या रेघेवरून नजर फिरवा. रंग गडद घेणार असाल तर ही परीक्षा गडद रंगाच्याच गाडीवर करा, पांढऱ्यात पत्र्याचे गुणही दिसत नाहीत आणि दोषही. तुम्ही शेवटी कोणती घेतली ते खाली लिहा, मी वाट बघतो.