दूध कट्ट्यावरची म्हैस आणि कोरी वही

प्रश्न : बाई, मी इचलकरंजीची. शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘ए’ ग्रेड मिळाली होती. लग्नानंतर सगळं सुटलं. गेल्या वर्षी मुलीनं जाडजूड स्केचबुक आणून दिलं. गणपतीपुळ्याला नेलं, हंपीला नेलं, दोन्हीकडून कोरंच परत आलं. घरचे पुढं निघतात, मी मागं राहते, मग वही पिशवीत टाकते. घरी बसावं तर काढण्यासारखं काही दिसत नाही. सवय लागायची कशी?

उत्तर : तुमचं पत्र वाचून पहिला प्रश्न मनात आला तो हा, की ती वही घरात असते कुठं? कपाटात असेल तर आजच बाहेर काढा आणि ओट्याशेजारी ठेवा. घरात महिनोन्महिने न उघडलेली वही हंपीला गेल्यावर कशी उघडेल? हात आखडलेला असतो आणि समोर एवढं मोठं विठ्ठल मंदिर. कुठून सुरुवात करावी हे ठरेपर्यंत घरचे हाका मारायला लागतात.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझीही वही बंद पडलेली होती. एकतीस वर्षं मुलांकडून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करून घेतलं. स्वतःसाठी म्हणून काढायचं राहूनच गेलं. सकाळी मी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायची. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते : तिथं म्हशीच आणून उभ्या केलेल्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. आपला नंबर येईपर्यंत पाच-सात मिनिटं नुसतं उभं राहायचं. एके दिवशी भाजीच्या पिशवीत तळहाताएवढी वही आणि एक पेन्सिल टाकून गेले.

धार काढताना म्हैस जागची हलत नाही. शेपूट, कान तेवढे हलतात. नवशिक्याला याहून चांगलं मॉडेल मिळायचं नाही. आपल्या भागात पंढरपुरी म्हशी बऱ्याच, लांब शिंगांच्या. पहिल्या दिवशी मी शिंग कपाळातून वर काढलं आणि तो बैल झाला. दुसऱ्या दिवशी नीट बघितलं. शिंग बाजूनं निघून मागं वळतं आणि मानेच्या कडेकडेनं पार खांद्यापर्यंत जातं. मग मान काढताना शिंगाची रेघ आधी आणि मान नंतर, असा क्रम लागला. कमरेची दोन हाडं वर आलेली असतात, त्यांच्यावर कातडी राहुटीच्या कापडासारखी ताणलेली असते, आणि सकाळचं ऊन नेमकं तिथं चमकतं. काळ्याभोर जनावरावर उजेड कुठं थांबतो हे मला साठीत कळलं. त्या दिवशी दूध घेऊन घरी आले ती सरळ पाटावर बसून तेवढंच एक हाड पुन्हा काढलं, चहा नंतर केला.

दीड महिन्यात चाळीसेक पानं झाली. सगळ्या म्हशीच. त्यातली निम्मी अर्धवट, कारण नंबर आला की वही मिटायची. ती पानं मी पुढं पूर्ण केली नाहीत आणि तुम्हीही करू नका. जेवढं बघितलं तेवढंच पानावर असू द्यावं.

त्यानंतर आम्ही खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात गेलो. नात्यातली आठ-दहा माणसं, दोन गाड्या. स्वर्गमंडपात सगळे मान वर करून छतातल्या त्या गोल मोकळ्या आभाळाचे फोटो काढत होते. मला दहा मिनिटं मिळाली. अठ्ठेचाळीस खांबांपैकी एक खांब धरला. खालून वर जाताना त्याचा आकार बदलत जातो, कुठं चौकोन, कुठं अष्टकोन, कुठं गोल. प्रत्येक बदलाची कड काढली, नक्षी सोडून दिली. दहा मिनिटांत जमलं ते कट्ट्यावरच्या सवयीमुळं. हाताला घाईची आणि मनाला सोडून देण्याची सवय झाली होती.

तेव्हा महिनाभर घरातलंच काढा. कुकरची शिट्टी. कढईचा कान. दोरीवर उलटी वाळणारी पँट, तिच्या खिशाचं अस्तर बाहेर लोंबतंय ते. दळणाचा डबा. रोज सात मिनिटं, एकच वस्तू, आणि पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, ठिकाण. एखादं वाक्यही लिहा, ‘लाईट गेलीय’ किंवा ‘पोरगी परीक्षेला गेली’ एवढं पुरे. वर्षानं वही चाळताना चित्राच्या आधी ते वाक्य तुम्हाला त्या दिवसात नेऊन सोडेल. एक मात्र पाळा, पान फाडायचं नाही.

प्रवासात घरच्यांशी भांडू नका. त्यांना सांगा, ‘चहा येईपर्यंत मी इथं आहे.’ एसटी स्टँडवर, हॉटेलात, देवळाच्या रांगेत चहाएवढा वेळ हमखास मिळतो. चालत्या एसटीत समोरच्या सीटवरची टोपी, नाहीतर अंबाडा काढावा. खड्ड्यांमुळं रेघ हलते, हलू द्यावी.

आणि ‘घरी काढण्यासारखं काही नाही’ हे वाक्य आपल्या गावाजवळच्या माणसानं तर मुळीच म्हणू नये. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकून आले आणि १९३१ साली जाईपर्यंत कोल्हापुरातच राहिले. रंकाळा तलाव, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ. तेच पाणी, तीच झाडं, वेगवेगळ्या वेळची. संस्थानच्या राजधानीत राहणाऱ्या एवढ्या मोठ्या चित्रकाराला गावातलं पाणी आयुष्यभर पुरलं. तुमच्या गल्लीतल्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्याच्या, दारात सूत उतरवणारी माणसं रोज दिसत असतील. बघा तरी एकदा.

प्रश्न : मी गारगोटीचा, बारावीला आहे. पावसाळ्यात दाजीपूरच्या जंगलात आणि मसाई पठारावर जाऊन स्केचेस करायची आहेत. कागद कुठला, पेन कुठलं घेऊ? जेल पेन चालेल का?

उत्तर : जेल पेन नको. का, ते सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. आम्ही माणसं, कागदपत्रं आणि गॅसची टाकी बाहेर काढली. खालच्या फळीवरच्या माझ्या अकरा वह्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर त्या हातात घेतल्या तेव्हा विटेसारख्या जड झाल्या होत्या. जेल पेननं आणि शाईच्या पेननं काढलेली पानं धुऊन गेली होती, नुसते निळे-जांभळे ढग उरले होते. पेन्सिलीची पानं मात्र जशीच्या तशी. कागद तपकिरी झाला, चिखलाचा वास बसला, पण म्हशीचं शिंग जागेवर होतं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. त्या दिवशी ते डोळ्यांनी बघितलं आणि रडू आलं.

(कुणाची वही भिजलीच तर उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो. दर तीन-चार पानांमध्ये कोरा कागद घाला, पंख्याखाली ठेवा, कागद ओले झाले की बदला, आणि शेवटी वर पाटा ठेवून दाबा. ओली पानं ओढून सुटी करू नका.)

तर तुझ्यासाठी : टूबी (2B, मऊ शिशाची) पेन्सिल पहिली. पेन हवंच असेल तर ज्यावर वॉटरप्रूफ पिगमेंट इंक असं लिहिलेलं असतं ते घे, आणि रेघ मारल्यावर मिनिटभर थांबून मगच पाण्याचा ब्रश लाव. कागद १५० ते २०० जीएसएमचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. भरपूर पाणी वापरून रंगवायचं असेल तर ३०० चा लागतो, पण तो महाग आणि वही जड होते. पावसात वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, लवकर सुकत नाही, पानं एकमेकांना चिकटतात. म्हणून दोन मोठ्या क्लिपा, सुती फडकं आणि प्लॅस्टिकची पिशवी जवळ असू दे. हिरवा रंग ट्यूबमधला तसाच वापरू नकोस. अल्ट्रामरीन निळा आणि पिवळा मिसळ, त्यात बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरीचा, एक ठिपका टाक. दाजीपूरच्या झाडीचा ओला, काळपट हिरवा त्यातून निघतो.

मसाईवर पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या सुमारास, फुलं असतात. सीतेची आसवं बघ. फूल नखाएवढं, निळसर जांभळं. पालथं पडूनच बघावं लागतं. ते आहे त्याच आकाराचं काढ आणि शेजारी रुपयाच्या नाण्याचा गोल काढ, म्हणजे माप कळेल. फूल तोडायचं नाही, आणि कोपर टेकताना खाली काय आहे ते आधी बघायचं.

गवा दिसला तर वही काढू नकोस. लांब राहा, नजरेनं पाठीचा उंचवटा आणि पायांचे पांढरे मोजे तेवढे टिपून घे. गाडीत बसल्यावर काढ. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला स्मरणचित्र का ठेवत होते ते तेव्हा समजेल.

प्रश्न : मोबाइलवर फोटो काढून घरी निवांत स्केच केलं तर चालतं का? — वाचक, सांगली

उत्तर : चालतं, पण आधी जागेवर दोन मिनिटं तरी काढा आणि मग फोटो घ्या. फोटोत सगळंच सारखं येतं, तार, पाटी, माणूस, झाड. तुम्हाला त्यातलं काय आवडलं होतं ते त्या दोन मिनिटांच्या रेघांत असतं. घरी बसल्यावर तुमच्या रेघांवर विश्वास ठेवा, फोटो तपशिलापुरता वापरा.

प्रश्न : रंकाळ्यावर संध्याकाळी काढायला बसलं की लोक मागं उभे राहतात आणि माझा हात थांबतो. मी चाळिशीतली आहे, नव्यानंच शिकतेय. — वाचक, राजारामपुरी

उत्तर : सुरुवातीला सकाळी सहा-साडेसहाला जा. फिरायला येणारे आपल्या पावलांत असतात. पाठीमागं भिंत किंवा झाडाचं खोड येईल अशी जागा धरा, वही लहान ठेवा. तरी कुणी विचारलंच, ‘काय काढताय?’, तर वही लपवू नका. ‘तळ्यातला संध्यामठ काढतेय’ एवढं सांगा आणि पुढची रेघ मारा.

मलाही सुरुवातीला अवघड व्हायचं. गेल्या पावसाळ्यात कणसं भाजणारी एक बाई शेगडी सोडून माझ्यामागं येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आजी, त्यो खांब पाण्यात असा संपत न्हाई, खाली अजून हाय. पाणी उतरलं की चौथरा दिसतोय, तवा या.’ मी खांब पाण्याच्या रेघेवर कापून टाकला होता. रोज बारा तास ती त्या मठासमोर बसते. मी खांब पाण्याखाली पुसटसा पुढं नेला आणि पानाच्या कोपऱ्यात तारखेखाली तिचं वाक्य लिहिलं.

या उन्हाळ्यात चौथरा बघायला जाणार आहे. तुम्हीही या, वही घेऊन.