घरात कुणालाच नाही, मग यालाच कसं?

आरपीचं निदान झालेलं जवळपास प्रत्येक घर मला हेच विचारतं. आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्यातल्या पडद्याचा (रेटिनाचा) जनुकीय आजार, आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूची नजर आकसत जाते, नळीतून बघितल्यासारखं.

अशीच एक केस. मुलगा विशीतला, संध्याकाळनंतर बाइक बंद केलेली, दारातल्या चपलांना अडखळायचा. आई बसल्या बसल्याच सुरू झाली, मॅडम हा पोटात असताना मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून सासूबाई अजून ऐकवतात, गाजर, शेवगा, कॉडलिव्हरच्या गोळ्या सगळं करून झालं. म्हटलं ग्रहणाचा काडीचा संबंध नाही, आणि गाजराने सुधारतो तो अ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे होणारा रातांधळेपणा, हा वेगळा. गोळ्या मनाने देऊ नका, रेटिनाच्या काही आजारांत जादा अ जीवनसत्त्व उलट बाधतं.

नात्याचं विचारलं तर वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केलेली. आता बघा, बहुतेक जनुकांच्या दोन कॉप्या असतात, एक आईची एक वडिलांची, एक बिघडली तरी दुसरीवर भागतं आणि माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. नात्यातल्या दोघांकडे एकाच आजी-आजोबांकडून तीच बिघडलेली कॉपी आलेली असू शकते, दोन्ही बाळाकडे गेल्या की आजार, दर खेपेला २५ टक्के शक्यता. म्हणजे दोघांकडूनही आलं, एकट्या आईला कशाला बोलायचं? पण हे मी अंदाजावर सोडत नाही, आरपीमागे ८० च्या वर जनुकं आहेत, काही प्रकारांत एकच खराब कॉपी पुरते. म्हणून रक्त आधी मुलाचं तपासलं, त्याच्यात काय बिघडलंय ते कळल्याशिवाय बाकीच्यांत शोधणार काय? दोन्ही कॉप्यांत एकच दोष सापडला.

सगळा जीव अडकला होता तो थोरल्या बहिणीच्या लग्नात. आत्याने आपल्या मुलासाठी मागणी घातलेली, घरचीच मुलगी, आम्हाला सगळं माहितीये, आमची काही हरकत नाही. घरच्यांना हे उपकार वाटत होते आणि मला हेच स्थळ सगळ्यात जोखमीचं दिसत होतं. मुलगी ठणठणीत असली तरी वाहक, म्हणजे एक बिघडलेली कॉपी बाळगणारी, असण्याची शक्यता तीनात दोन, आत्या वडिलांची सख्खी बहीण, त्यामुळे तिच्या मुलाकडे तोच दोष असण्याची शक्यता निदान चारात एक. परक्या घरात नेमकं तेच जनुक बिघडलेलं निघणं फार क्वचित. लोकांना मात्र घरातच दिलेली बरी वाटते, लपवालपवी नको ना!

टेस्टमध्ये ती वाहक निघाली. आत्याला नकार तिनेच कळवला, आत्या चिडल्यात, चिडू देत.

मुलाचं कुणी विचारतच नव्हतं, शेवटी त्यानेच जीन थेरपीचं, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची चांगली कॉपी डोळ्यात सोडण्याच्या उपचाराचं काढलं. अमेरिकेत २०१७ ला मान्यता मिळालेलं लक्सटर्ना फक्त आरपीई६५ या जनुकासाठी आहे, याचं जनुक वेगळं. उरलेली नजर वापरायला शिकवणाऱ्या लो व्हिजन क्लिनिकला पाठवलं, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं समजावलं. मग हळूच म्हणाला, माझ्या पोरांचं काय? म्हटलं सगळी वाहक होतील, पण बायकोचं तेच जनुक बिघडलेलं नसेल तर आजार होणार नाही, लग्न ठरवताना तिची तेवढी टेस्ट करून घ्या, आणि मामाची-आत्याची नको.