पदवीचं वजन किती वर्षं धरायचं?

आठ वर्षं त्याच यंत्रांवर राबलेला डिप्लोमाधारक आणि नुकताच रुजू झालेला पदव्युत्तर इंजिनिअर. दोघांचं काम एकच, पण पगार नव्याचा जास्त. यातले डिप्लोमाधारक तुम्ही, आणि तुमचा प्रश्न आहे की पगार डिग्रीवर ठरावा की कामावर. मी पंचवीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, त्यातली बारा वर्षं इतरांची अप्रेझल लिहिली. माझं मत सरळ सांगतो: पहिल्या दिवशी डिग्री जरूर बघावी, पण तीन वर्षांनंतर तिच्या नावावर वेगळं काहीही देऊ नये.

पहिल्या दिवशी बघावी, कारण तेव्हा हातात दुसरं काही नसतं. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये हेच मांडलं होतं. उमेदवाराची कुवत मालकाला दिसत नाही, म्हणून तो शिक्षणाकडे एक खूण म्हणून बघतो. त्यात गैर काही नाही. पण माणूस रोज डोळ्यांसमोर काम करतोय आणि पगारपत्रकात मात्र अजून खुणेचाच हिशोब चाललाय, हे मला पटत नाही. आणि हा फरक जागच्या जागी राहतही नाही. दोघांना दरवर्षी सारखीच दहा टक्के वाढ दिली, तरी सुरुवातीचा फरक आठ वर्षांत दुपटीच्या वर जातो. वाढ 'समान' दिली असं सगळे म्हणतात, आणि दरी रुंदावत राहते.

ही खूण कितपत भरवशाची? मानसशास्त्रज्ञ फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून तपासलं. शिक्षणाची वर्षं आणि कामगिरी यांचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण) निघाला 0.10. प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या चाचणीचा 0.54. पुढे 2022 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी गणित पुन्हा तपासलं, तेव्हा चाचणीचा आकडा 0.33 वर आला. कमी झाला, तरी 0.10 च्या बराच वर आहे. अर्थात यात शिक्षणाची वर्षं मोजली आहेत, माणूस काय शिकला ते नाही.

आणि काय शिकला याला किंमत असते, हे मी पाहिलंय. आमच्या एका पंपाचं व्हायब्रेशन काही केल्या कमी होत नव्हतं. आम्ही अनुभवी मंडळींनी बेअरिंग बदलली, कपलिंग बदललं, इम्पेलर बॅलन्स करून आणला. जेमतेम वर्षभरापूर्वी आलेली एक एम.टेक. मुलगी म्हणाली, पंप बंद असताना बेस फ्रेमवर हातोडा मारून रीडिंग घेऊ. मोटर 1480 आरपीएमची, म्हणजे सेकंदाला साधारण 24.7 फेरे. फ्रेमची स्वतःची कंपनसंख्या, म्हणजे ठोकल्यावर ती सेकंदाला जितक्या वेळा थरथरते ती, 25 च्या आसपास निघाली. फ्रेमच मोटरच्या तालावर थरथरत होती. दोन आडवे सपोर्ट वेल्ड केले आणि प्रश्न मिटला. तिला त्या वर्षी चांगली वाढ मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. पण ती वाढ त्या निदानाची होती. तीच डिग्री असलेले आणखी दोघं त्याच विभागात होते, त्यांना हे सुचलं नव्हतं.

म्हणून लगेच 'फक्त कामगिरीवर पगार' असं म्हणू नका. यात माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. आमच्याकडे महिन्याला किती ब्रेकडाउन कॉल (बिघाडाच्या तक्रारी) बंद केले, यावर गुण होते. एका तंत्रज्ञाचे तीस-बत्तीस व्हायचे, दुसऱ्याचे चार-पाच. हा दुसरा माणूस डायल गेज (बारीक फरक मोजायचं उपकरण) लावून अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत असणं, 0.05 मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय पंप सुरू करू द्यायचा नाही. प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे असले तरी नाही. सगळी रीडिंग तारखेसह वहीत. त्याच्या पंपांची बेअरिंग वर्षानुवर्षं टिकायची. पहिला दर दोन महिन्यांनी तेच बेअरिंग बदलायचा, आणि प्रत्येक वेळी एक नवा कॉल 'बंद' व्हायचा. मी तक्ता बघितला, सही केली, आणि दुसऱ्याला कमी वाढ मिळाली. तो भांडला नाही. वही माझ्या टेबलावर ठेवून गेला. ती मी उघडली तोवर त्याचा राजीनामा आला होता. ते मला अजून लागतं.

अर्थशास्त्रज्ञ होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रोम यांचा 1991 चा सिद्धांत हेच सांगतो: कामाचे अनेक भाग असतील आणि पैसे फक्त मोजता येणाऱ्या भागाचे मिळत असतील, तर माणसाची मेहनत उरलेल्या भागांतून निघून जाते. मेंटेनन्समध्ये तर खरं काम म्हणजे जे बिघडलं नाही ते. त्याचा कॉल कुठे नोंदवणार?

निचिया या जपानी कंपनीतले इंजिनिअर शुजी नाकामुरा यांची गोष्ट या दोन्ही बाजूंची आहे. 1988 मध्ये ते अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात गेले, तेव्हा डॉक्टरेट नाही म्हणून तिथे आपल्याला कमी लेखलं गेलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. परत येऊन त्यांनी कंपनीत तेजस्वी निळा एलईडी बनवला, ज्यासाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्या शोधाच्या पेटंटबद्दल कंपनीने दिलेलं बक्षीस होतं 20 हजार येन. ते कोर्टात गेले. 2004 मध्ये 2000 कोटी येन मंजूर झाले आणि 2005 मध्ये सुमारे 84 कोटींवर तडजोड झाली. डिग्री बाजूला ठेवली की कामाचं मोल आपोआप होतं, असं नाही.

मग ठरवायचं कसं? आधी जबाबदारी बघा. कोणाच्या सहीने यंत्र सुरू होतं, मध्यरात्री फोन कोणाला जातो, चूक झाली तर जाब कोणाला विचारतात. त्यावर पातळी ठरवा आणि प्रत्येक पातळीचा पगार किती ते सगळ्यांना सांगा. एखाद्या सहीला कायद्याने परवाना लागत असेल, तर त्या जोखमीचे पैसे वेगळे द्या. त्या पातळीच्या आत वाढ देताना दोन-तीन वर्षांचं काम बघा, तेच बिघाड पुन्हा झाले का ते बघा, आणि हे बघणारा माणूस त्या कामातला हवा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर त्या नव्या इंजिनिअरवर राग धरू नका, त्याचा पगार त्याने ठरवलेला नाही. साहेबांकडे जाताना 'मी त्याच्यापेक्षा सरस' असं म्हणत जाऊ नका. 'ही जबाबदारी मी सांभाळतो, ती कोणत्या ग्रेडची आहे?' असं विचारा. आणि वही ठेवत नसाल तर आजपासून ठेवा: तारीख, यंत्र, काय सापडलं, काय केलं, आणि ते पुन्हा कधी बिघडलं.